वाईच्या घाटावर आठ दिवस

प्रवासाला निघण्याचीं कारणें आपल्या घरांतून बहुधा ठरलेलीं असतात. तीर्थयात्रा, लग्नकार्य, मुंज, नातवंडाचें बारसें, फार तर डॉक्टरांनीं सांगितलेला हवापालट. यांपैकीं एखादें कारण असलें म्हणजे माळ्यावरची पेटी खालीं निघते आणि कोणी कांहीं विचारीत नाहीं. ‘मी थकलें आहें, म्हणून जातें’ हें कारण मात्र, निदान गृहिणीच्या तोंडून, क्वचितच ऐकूं येतें. गेल्या माघ महिन्यांत आम्हीं उभयतांनीं वाईस जो आठ दिवसांचा मुक्काम केला, त्याचें कारण नेमकें हेंच होतें. वाई हें गांव पाहण्याजोगें आहेच. परंतु आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या माणसानें असें गांव कां पाहावें, याविषयींहि चार शब्द लिहावेसे वाटतात.

आमच्या मातोश्रींचें वय ८९ वर्षांचें. साडेतीन वर्षांपूर्वीं न्हाणीघरांत पाय घसरून त्यांचें मांडीचें हाड मोडलें, आणि तेव्हांपासून त्या अंथरुणाला खिळल्या आहेत. बुद्धि शाबूत, स्मरण उत्तम, पण कूस बदलावयालाहि दुसऱ्याचा हात लागतो. अंथरुणावरच्या माणसाला दर दोन तासांनीं कुशीवर वळविलें नाहीं तर पाठीला व्रण पडतात. म्हणजे शुश्रूषा करणाऱ्याला रात्र म्हणून निराळी राहत नाहीं. हें सारें सौभाग्यवती करीत आली. तिचें वय ६३. वृद्धांच्या निर्वाहासाठीं २००७ सालीं जो कायदा झाला, त्याप्रमाणें साठ वर्षें पुरीं झालेली व्यक्ति ज्येष्ठ नागरिक समजली जाते. तेव्हां आमच्या घरांत एक ज्येष्ठ नागरिक दुसऱ्या ज्येष्ठ नागरिकाची सेवा करीत होती. आयुर्मान वाढल्यामुळें हा देखावा आतां घरोघर दिसूं लागला आहे. पूर्वीं सून तरुण असे आणि सासू म्हातारी. आतां सूनहि म्हातारी होते व सासूचा आशीर्वाद अद्याप डोक्यावर असतो. हें भाग्य खरें, पण त्याचा भार कोणाच्या कमरेवर येतो हेंहि पाहिलें पाहिजे.

घरांत आम्ही आठ माणसें. दोन मुलगे, दोन सुना, एक नात, एक नातू. सगळीं मायाळू. कोणी कधीं काम टाळलें असें नाहीं. तरी मातोश्रींच्या उशाशीं उभें राहणारें माणूस एकच, हें कोणी ठरविलें नव्हतें. तें होत गेलें होतें. जिला सर्व नीट करतां येतें तिच्याकडेच सर्व जातें, आणि सर्व तिच्याकडेच गेल्यामुळें दुसऱ्या कोणाला कांहीं करतां येत नाहीं. एकत्र कुटुंबांतील हें एक विचित्र चक्र आहे.

दिवाळीनंतर नेत्रवैद्यांनीं सौभाग्यवतीच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदु आतां काढलाच पाहिजे असें तिसऱ्यांदा सांगितलें. पूर्वीं दोन वेळां दिवस ठरून मोडला होता. ‘माझा डोळा कुठें पळून जात नाहीं, पण सासूबाईंकडे कोण पाहील?’ हें तिचें उत्तर. या वेळीं थोरल्या सूनबाई पुढें आल्या. त्या म्हणाल्या, ‘आई, तुम्ही आधीं आठ दिवस कुठें तरी जाऊन या. तुम्ही घरांत असलांत तर आम्हांला कांहीं करूं देणार नाहीं; आणि आम्हांला करतां आल्याखेरीज तुमचा डोळा व्हायचा नाहीं.’ नाटकाच्या आधीं तालीम लागते, तशी ही तालीम होती. कुठें जावें हा प्रश्न मातोश्रींनींच सोडविला. त्यांचें माहेर वाईचें. ‘माझ्या वाईला जा,’ त्या म्हणाल्या, ‘आणि घाटावर बसून या.’

निघण्यापूर्वीं दोन दिवस सौभाग्यवती सांगत होती आणि धाकट्या सूनबाई लिहून घेत होत्या. तो कागद अद्याप आमच्या येथें दाराच्या आंतल्या बाजूस चिकटविलेला आहे. औषधांच्या वेळा त्यांत आहेतच. पण त्याखेरीज, आजींना उजव्या कानानें ऐकूं येतें, तेव्हां त्या बाजूस बसावें. पाणी चमच्यानें द्यावें व मान किंचित् पुढें करावी, नाहींतर ठसका लागतो. रात्रीं दोनच्या सुमारास जाग येते, तेव्हां कोणी जवळ असलें म्हणजे पुरे, बोलावें लागत नाहीं. हींहि कलमें आहेत. साडेतीन वर्षें एका माणसाच्या मनांत असलेली ही विद्या प्रथमच कागदावर आली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्या विदुषीनें १८५९ सालीं शुश्रूषेवर जें पुस्तक लिहिलें, त्यांत एक प्रकरण याच गोष्टीला वाहिलें आहे. आपण समोर असतांना जें होतें, तें आपण नसतांनाहि व्हावें अशी व्यवस्था ज्याला लावतां येत नाहीं, त्याची बाकीची उत्तम शुश्रूषाहि वायां जाऊं शकते, असा तिचा अभिप्राय आहे. समर्पणाची महती गाणाऱ्यांनीं हा अभिप्राय ध्यानांत ठेवावा.

पुण्याच्या स्वारगेटहून एस. टी. निघाली ती खंबाटकीचा घाट चढून उतरली, आणि सुरूर येथें साताऱ्याचा हमरस्ता सोडून उजवीकडे वळली. तेथून पुढें डोंगर जवळ येऊं लागतात. पांडवगड आणि वैराटगड हे दोन गड या खोऱ्यावर पहारा करीत उभे आहेत. पश्चिमेस पसरणीचा घाट पांचगणीकडे चढतो. या डोंगरांच्या कुशींत, महाबळेश्वरीं उगम पावलेली कृष्णा धोमच्या धरणांतून सुटून प्रथम जें मोठें गांव गांठते तें वाई. लोक याला दक्षिणकाशी म्हणतात. आम्हीं गणपती आळींत एका परिचित गृहस्थांच्या जुन्या वाड्यांत दोन खोल्या घेतल्या होत्या. खिडकी उघडली कीं नदी दिसे.

वाईचें वैभव म्हणजे घाट. गांवाच्या आळ्या आणि नदीचे घाट यांचें येथें लग्न लागलेलें आहे. मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, गंगापुरी, ज्या त्या आळीचा आपला घाट. काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या, मध्यें लहान देवळें, दीपमाळा. नदीचें पात्र आतां पूर्वींसारखें राहिलेलें नाहीं; ओंजळभर पाणी निःशंकपणें तोंडाला लावावें असे दिवस गेले. तरी सकाळच्या वेळीं धुक्यांतून देवळांचीं शिखरें वर येऊं लागतात, तेव्हां मनाला जें वाटतें तें पाण्याच्या परीक्षेवर अवलंबून नसतें.

ढोल्या गणपतीचें देऊळ सर्वांना ठाऊक आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं तें १७६२ सालीं बांधलें. मूर्ति विशाल आहे व प्रेक्षकांचें लक्ष तिकडेच जातें. परंतु देवळाची पाठीमागची भिंतहि अवश्य पाहावी. देऊळ नदीच्या अगदीं कांठावर. पावसाळ्यांत पूर येतो तो अंगावरच. म्हणून बांधणाऱ्यानें मागची भिंत सपाट न ठेवतां माशाच्या आकाराची, टोकदार बांधली आहे. येणारें पाणी त्या टोकावर दुभंगतें आणि दोन्ही अंगांनीं वाटून निघून जातें. अडीचशेंहून अधिक पावसाळे त्या भिंतीनें असे काढले. सौभाग्यवतीनें त्या टोकावरून हात फिरविला आणि म्हणाली, ‘सपाट असती तर केव्हांच गेली असती.’ मीं त्यावर कांहीं भाष्य केलें नाहीं. तें करण्याची जरूर नव्हती.

पहिले दोन दिवस मात्र विश्रांति अशी नव्हतीच. रात्रीं दोन वाजले कीं ती उठून बसे. दुपारपर्यंत घरीं सहा वेळां फोन झाला. घरच्यांनीं शेवटीं नियम घातला कीं फोन संध्याकाळीं एकदांच, आणि तो तिकडून येईल. तिसऱ्या दिवशीं ती सकाळीं सातपर्यंत झोंपली. इतक्या वर्षांत मीं हें पाहिलें नव्हतें. चौथ्या दिवशीं ती एकटीच घाटावर गेली आणि दोन तासांनीं परतली. काय केलें असें विचारतां म्हणाली, पाण्यांत पाय सोडून बसलें होतें. शेजारच्या पायरीवर धुणें धुणाऱ्या एका बाईनें विचारलें, ‘काय काम काढलंत वाईला?’ ‘काम कांहीं नाहीं, बसायला आलें.’ ‘बसा कीं मग,’ असें म्हणून त्या बाईनें आपलें धुणें बाजूस सारून तिला चांगली जागा करून दिली.

त्या दिवसांत कृष्णाबाईचा उत्सव चालू होता. वाईच्या प्रत्येक घाटाचा आपापला उत्सव असतो. एका घाटाचा संपला कीं दुसऱ्याचा. घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाईची स्थापना होते, पूजा, कीर्तन, भजन, प्रसाद. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळीं, म्हणजे १६५९ सालीं, केलेल्या नवसांतून तो सुरू झाला अशी परंपरा आहे. मांडवांत आलेल्या बायकांकडे पाहतांना एक गोष्ट मनांत आली. आपल्या आज्या-पणज्यांना कोणी सुटी दिली नव्हती, आणि सुटी हा शब्दहि त्यांना ठाऊक नव्हता. पण नदीवर स्नानाला जाणें होतें, देवळाच्या प्रदक्षिणा होत्या, चातुर्मासांत पुराण ऐकणें होतें, रात्रीं कीर्तन होतें. तेवढा वेळ बाई घराबाहेर असे आणि तिला कोणी हांक मारीत नसे, कारण ती देवाच्या कामाला गेलेली असे. धर्माच्या नांवावर तिला स्वतःची घटका मिळे. पुढें नळ घरांत आला, पुराण दूरदर्शनवर आलें, आणि ही घटका कोणाच्या लक्षांतहि न येतां नाहींशी झाली. नळ आला हें चांगलेंच झालें. घागरी वाहून कोणाचें कल्याण झालें नव्हतें. परंतु घागरीबरोबर जी विश्रांति गेली, तिची भरपाई करावयाचें राहून गेलें.

संध्याकाळच्या फोनवर मातोश्रींनीं याचीच साक्ष दिली. त्या म्हणाल्या, ‘आमची आजी रोज घाटावर जायची. स्नान चटकन् उरकायची आणि मग बसून राहायची. तिचा दीर वेडा होता, त्याचं सगळं तिच्याकडे. पण घाटावरून तिला कुणी बोलावून आणीत नसे.’ सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वींची ती बाई सौभाग्यवतीला फार जवळची वाटली असावी. तिनें दोनदां तिची हकीकत विचारली.

संस्कृताचा विद्यार्थी वाईस येऊन प्राज्ञपाठशाळेवरून नुसता जात नाहीं. नारायणशास्त्री मराठे, पुढें केवलानंद सरस्वती, यांची ही कर्मभूमि. धर्मकोशाचें प्रचंड काम येथलें. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी येथलेच, आणि त्यांच्यामुळेंच मराठी विश्वकोशाचें कार्यहि या लहानशा गांवांत आलें. त्या वास्तूसमोर उभा असतां चरकसंहितेंतील चतुष्पादाचा विचार आठवला. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायांत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि रोगी. उपस्थात्याला चार गुण हवेत: उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं प्रेम आणि शुचिता. आतां पाहा, ज्या माणसाला महिनोन्‌महिने सलग झोंप नाहीं त्याची दक्षता प्रथम जाते, आणि पुष्कळदां प्रेमालाहि ओहोटी लागते. चारांपैकीं एक पाय लंगडा झाला तर बाकीचे तीन काय करणार? उपस्थात्याची विश्रांति ही अशा रीतीनें रोग्याच्याच औषधाचा भाग ठरते. कुमारसंभवाच्या पांचव्या सर्गांत बटूच्या वेषांत आलेला शंकर देहाची आठवण करून देतो ती कोणाला? पानें खाणेंहि सोडून तप करणाऱ्या पार्वतीला. त्या स्थळचें वचन आपण व्यायामशाळांच्या भिंतींवर लिहितों. खरें म्हणजे तें सेवेंत स्वतःला विसरलेल्यांच्या घरीं लावावयास हवें.

आधुनिक शास्त्रानेंहि हें मोजून पाहिलें आहे. अमेरिकेंत ओहायो येथील संशोधकांनीं १९९५ सालीं १३ स्त्रिया निवडल्या. त्या स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची सेवा करीत होत्या. त्यांच्याच वयाच्या व सांपत्तिक स्थितीच्या, पण ही जबाबदारी नसलेल्या, दुसऱ्या १३ स्त्रिया घेतल्या. सर्वांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखी लहानशी जखम करून ती भरावयास किती दिवस लागतात हें पाहिलें. दुसऱ्या गटांत सरासरी सुमारें ३९ दिवस लागले. सेवा करणाऱ्यांच्या गटांत सुमारें ४९. म्हणजे थकवा हा केवळ मनाचा खेळ नव्हे. तो कातड्यापर्यंत पोंचतो. आणि हें काम गृहीत धरण्याची चाल केवळ आपलीच नाहीं. इंग्लंडांत १९७६ सालीं आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांसाठीं सरकारी भत्ता सुरू झाला, तेव्हां विवाहित स्त्रीला तो मिळत नसे. ती घरींच असणार, असा हिशेब. १९८६ सालीं युरोपीय न्यायालयाचा निकाल झाला, तेव्हां कोठें ती अट गेली.

पांचव्या दिवशीं कसोटी लागली. संध्याकाळीं फोन आला कीं मातोश्रींना दुपारपासून ताप आहे. डॉक्टर येऊन गेले होते, औषध सुरू होतें, नात उशाशीं होती. सौभाग्यवतीनें फोन ठेवला आणि पिशवी भरावयास घेतली. सकाळची पहिली एस. टी. गांठावयाची असें ठरलें. त्या रात्रीं आम्ही दोघेंहि झोंपलों नाहीं. पहांटे सहा वाजतां तिकडून फोन आला. ताप उतरला होता. नातीनें रात्रभर केलेलें सांगितलें: कोणत्या वेळीं किती ताप होता, पाणी किती दिलें, कूस कधीं बदलली, सर्व कागदावर लिहून ठेवलें होतें. ऐकतां ऐकतां सौभाग्यवती खालीं बसली. मग मातोश्रींनीं फोन मागून घेतला. आवाज क्षीण होता. त्यांनीं तापाविषयीं एक अक्षर काढलें नाहीं. ‘घाटावर पाणी किती आहे ग?’ एवढेंच विचारलें. ‘चार पायऱ्या उघड्या आहेत, सासूबाई.’ ‘मग ठीक आहे. मेणवली राहिली असेल ना तुमची?’

पिशवी पुन्हां उघडली गेली, आणि आम्ही मेणवलीस गेलों. वाईपासून कोसभरावर नाना फडणविसांचें हें गांव. त्यांचा वाडा, त्यामागें कृष्णेचा अर्धचंद्राकृति घाट, आणि घाटावरच्या देवळांजवळ टांगलेली ती प्रसिद्ध घंटा. वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर आणलेली ही घंटा मूळची पोर्तुगीजांच्या चर्चमधली. तिच्यावर मेरी व बाळ येशू यांची आकृति स्पष्ट दिसते. अलीकडे चित्रपटवाल्यांनीं हा घाट फार प्रसिद्ध केला आहे. आम्ही गेलों तेव्हां मात्र तेथें दोन म्हशी, एक पुजारी आणि भरपूर ऊन एवढेंच होतें. जेवणाचा डबा वडाखालीं सोडला. मातोश्री कशा असतील हा विषय त्या दिवशीं निघाला नाहीं असें नाहीं. पण तो निघाला आणि संपला, दिवसभर पुरला नाहीं.

आठव्या दिवशीं परत आलों. मातोश्रींची पाठ स्वच्छ होती, कागदावर प्रत्येकाच्या नांवापुढें त्याच्या पाळ्या होत्या. धाकट्या चिरंजीवांच्या हातचा भात थोडा घट्ट होतो, एवढी एकच तक्रार मातोश्रींनीं केली. फाल्गुनांत सौभाग्यवतीच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. ठरलेला दिवस या वेळीं मोडला नाहीं. आतां ती पुन्हां मातोश्रींचें करते, पण तिची पाळी असेल तेव्हां. आणि रोज सायंकाळीं एक तास फिरावयास जाते, त्या वेळांत तिला हांक मारण्याची कोणास परवानगी नाहीं.

ज्यांच्या घरांत असें आजारपण आहे त्यांना माझी विनंती एवढीच कीं, शुश्रूषा करणाऱ्यानें विश्रांति मागावी याची वाट पाहूं नये. ती मागणार नाहीं. मागणें हें तिला सेवेंत उणें वाटतें. घरानेंच तिची पाळी लावून द्यावी. दिवसांतली एक घटका तिची, वर्षांतले आठ दिवस तिचे, आणि तिचीं स्वतःचीं औषधें व डॉक्टरांच्या भेटी आजाऱ्याच्या बरोबरीनें त्याच कागदावर लिहिलेल्या. घरांत माणसें थोडीं असतील तर शेजार आहे, दूरचे आप्त आहेत. ऐपत असेल तर अर्ध्या दिवसापुरती पगारी परिचारिका मिळते. तीन तास मोकळे मिळाले तरी पुष्कळ होतात. एकत्र कुटुंबाचा आपण अभिमान वाहतों. तो अभिमान सणावारांच्या पंगतींनीं सिद्ध होत नाहीं, आजाऱ्याच्या उशाशीं किती हात आळीपाळीनें येतात यावरून होतो.

पुण्याहून वाईस जावयास अडीच-तीन तास लागतात. थंडीच्या उतरणीला, कृष्णाबाईच्या उत्सवांत, गांव फार प्रसन्न असतें. ज्याला जावयाचें आहे त्यानें आधीं पाळ्यांचा कागद लिहावा आणि मग तिकीट काढावें.